बिनखुणेचे वाडगे

४ जून

मावशी,

नमस्कार केला आहे असं समज. आज माझं डोकं ठिकाणावर नाही आणि ते ठिकाणावर यावं अशी माझी इच्छाही नाही.

तुझ्या शहरातल्या त्या कला महाविद्यालयात वर्षभर शिकायला यायचं, म्हणून मी किती दिवस तुझा जीव खाल्ला! ते बुडालं. पुन्हा समजावून सांगते, कारण तू अर्धं वाचून पत्र टाचण्यांच्या डब्याखाली सारतेस. तिथली एक विद्यार्थिनी आमच्याकडे येते, आमच्यातली एक तिकडे जाते, आणि दोघींनाही फी पडत नाही. आमच्या मातीकाम विभागातून एकच नाव जातं. फी भरून परदेशी शिकणं आपल्या घरात सात जन्मांत व्हायचं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मला ही एकच वाट होती. काल फलकावर नाव लागलं, ते गोगलगाईचं.

गोगलगाय म्हणजे माझ्याच खोलीत राहणारी, शेजारच्याच चाकावर बसणारी, माझाच साबण वापरणारी माझी जिवाभावाची मैत्रीण. नाव मीच ठेवलेलं. तिच्या पायावर कुणी पाय दिला तर हीच माफी मागते. गोगलगाय अन् पोटात पाय हे लहानपणापासून ऐकत आले होते, पाय काल दिसले.

तिच्या अर्जात सहा वाडग्यांचे फोटो आहेत. ते वाडगे माझे आहेत.

मग बोलली का नाहीस, असं तू विचारशील. आमच्या सरांचा दंडक आहे: पहिली दोन वर्षं भांड्याखाली कुणी आपली खूण खरवडायची नाही. सर म्हणतात, "माती सगळ्यांची, भट्टी सगळ्यांची. आपलं भांडं कुठलं ते शोधायला लागलात की शिकणं संपलं." भट्टी उघडली की सगळा माल एका लांब फळीवर मांडतात आणि अर्जासाठी ज्याचं त्यानं ओळखून उचलायचं. मी म्हटलं, सकाळी उचलू. सकाळी ते सहा फळीवर नव्हते. मी मुकाट्यानं माझ्या उभ्या बरण्या दिल्या. नंतर सरांकडे गेले तर म्हणतात, "खूण नाही, मी काय सांगू? तिच्याशी बोल." मी बोलले नाही. चोराला काय विचारायचं, बाई गं, तू चोरी केलीस का?

उलट मी तिच्या गळ्यात पडले. अभिनंदन केलं, आणि तुझा पत्ता दिला. म्हटलं, "माझ्या मावशीकडे राहा, वरची खोली रिकामीच आहे." ती रडली. सप्टेंबरात ती तुझ्या दारात उभी राहील.

यादीत दुसरं नाव माझं आहे. पहिली मुलगी ऑक्टोबर संपायच्या आत सोडून आली तर जानेवारीपासून जागा दुसरीला मिळते. तिला पळव. कशी ते तू ठरव. आई म्हणते, या कामात तुझा हात धरणारं कुणी नाही.

तुझी ठिणगी


२० जून

ठिणगे,

आशीर्वाद देते, पण तुला आज ते नकोत, तुला माझी कात्री हवी आहे.

तुझी आई म्हणते ते खरं आहे. ज्या शिंप्यानं मला कामावरून हाकललं, त्याच्या दुकानासमोरच मी माझं दुकान थाटलं आणि इतकी वर्षं त्याच्या दाराकडे तोंड करून पँटी आखूड करत बसले आहे. तो अजून मागच्या दारानं ये-जा करतो. मला त्याचा आता रागही येत नाही. पण खुर्ची मी फिरवलेली नाही.

तुझ्या पत्रात केसानं गळा कापल्याचं जे आहे, ते मला कळलं. येऊ दे तिला. पण मी तिला उपाशी ठेवणार नाही, खोलीची खिडकी मोडकी ठेवणार नाही. छळलेलं माणूस पळत नाही, हट्टाला पेटतं. जो गुळानं मरतो त्याला विष कशाला? मी तिच्यावर माया करीन. रोज संध्याकाळी तिला समोर बसवून विचारीन, आता तुझी आई काय करत असेल गं? एकटीच जेवत असेल का गं? परक्या गावात असल्या प्रश्नानं भलेभले महिनाभरात बॅग भरतात. मी स्वतः दोनदा भरली होती.

एकच विचारते, पुन्हा विचारणार नाही. वाडगे तुझेच ना? आणि तिला एकदा तोंडावर विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?

फोन करू नकोस. फोनवर माझा आवाज चढतो आणि गिऱ्हाईक दारातूनच परततं. पत्रात शिव्या कशा मापात बसवता येतात.

मावशी


८ जुलै

मावशी,

माझेच. तुला वाडगा डोळ्यांपुढे आणून देते, म्हणजे पुन्हा शंका नको. कड बाहेरच्या बाजूला जराशी कलती. आणि त्या कडेवर एका जागी अंगठ्यानं हलकंच दाबलेलं, पिताना खालचा ओठ तिथे बरोब्बर टेकतो. भट्टी लागायच्या आधीच्या आठवड्यात मी ती कड काढत होते, मला आठवतं, माझ्या बोटांना आठवतं. ती शेजारी बसून बघत होती. सगळ्या फळीवर तशी कड दुसऱ्या कुणाची नव्हती.

तुझा गूळ मला फार आवडला. त्यात घालायला मसाला देते. तिला बाप नाही. आई औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावते. दोघींचं जग एवढंच. आईकडे फोन नाही, शेजारणीकडे निरोप ठेवावा लागतो. आईला खोकला झाला तरी ही इकडे चाकावर बसल्या बसल्या खोकते. दुखरी नस म्हणतात ती हीच.

मी तिला सामान बांधायला मदत करते आहे. तिच्या हत्यारांना मीच जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं. ती म्हणते, "तू गेली असतीस तर मला जास्त आनंद झाला असता." ऐकलंस? चोरी करून वर सोज्वळपणा. माझ्या हातात तेव्हा तिची तार होती, माती कापायची. मी तिची नीट गुंडाळी केली आणि बॅगेत ठेवली.

ठिणगी


१२ सप्टेंबर

ठिणगे,

तुझी गोगलगाय आली. दारात उभी राहून आधी पायपुसण्याला पाय पुसले, मग मला नमस्कार केला, मग पुन्हा पाय पुसले. बॅग तिच्यापेक्षा जड.

मी कामाला लागले. पहिल्याच दिवशी विचारलं, "आईनं निघताना काय म्हटलं?" डोळे भरले. दुसऱ्या दिवशी विचारलं, "आईला रात्री एकटीला झोप लागते का?" जेवण ताटात राहिलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, तुझ्या वयाची होते तेव्हा मीही अशीच आले आणि माझी आई खिडकीत बसून राहायची म्हणे. त्यावर मात्र तिनं मलाच विचारलं, "मग तुम्ही परत भेटलात का त्यांना?" मी म्हटलं, "चहा घे." गूळ वाटताना आपल्याही बोटांना लागतो, हे मी विसरले होते.

महिनाभरात काम होईल असं दिसतं. रोज उठते ती डोळे सुजवून. तरीही दुकानात येते आणि न सांगता खाली पडलेल्या टाचण्या चुंबकानं गोळा करते. तुझी स्तुती इतकी करते की मला कंटाळा येतो. तू तिला पहिल्या वर्षी चाकावर माती मधोमध आणायला शिकवलंस म्हणे. "तिच्या शेजारी बसून मी शिकले," असं म्हणते. मी म्हटलं, वाडगे करायलाही? तर म्हणते, "वाडगे आम्ही दोघी करायचो. कधी ती माझे अर्धवट राहिलेले पूर्ण करायची, कधी मी तिचे." हे तू मला लिहिलं नव्हतंस.

मावशी


२३ सप्टेंबर

मावशी,

"आम्ही दोघी"! बघ, चोराच्या उलट्या बोंबा कशा गोड आवाजात असतात. एका फळीवर दोघींचे गोळे असायचे, म्हणून काय सगळं सामायिक झालं?

तिच्या टाचण्या मोजत बसू नकोस. ऑक्टोबर जवळ आला. इकडे सरांनी सांगितलंय की दुसऱ्या नावानंही सहा नवी भांडी तयार ठेवायची. जागा रिकामी झाली तर ती पेटीत भरून पुढे धाडायची. तिकडचे लोक माणसाच्या आधी काम बघतात. आणि आता तिसरं वर्ष, आता खूण खरवडायला परवानगी आहे. मी माझी खूण ठरवली: एक उभी रेघ आणि तिला छेदणारी दुसरी तिरकी. बरण्यांच्या भानगडीत न पडता या वेळी तसेच वाडगे करते आहे.

मातीची नवी गोण आली आहे, जरा भरभरीत आहे. त्यामुळे कड अजून मनासारखी येत नाही. दाबलं की फाटते, नाहीतर जाड राहते. होईल.

आता गुळानं भागायचं नाही. तू तिला सांग की तिची आई आजारी आहे. मी तिच्या आईला कारखान्याच्या फाटकाशी भेटले, अगदी ठणठणीत आहे, माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही." तू एवढंच म्हण: माझ्या भाचीच्या पत्रात होतं, आईनं अंथरूण धरलंय. दोन दिवसांत बॅग भरेल.

ठिणगी


५ ऑक्टोबर

ठिणगे,

नाही.

तिला जेवताना रडवायला सांग, रडवीन. पण आईच्या नावानं खोटं मी बोलणार नाही. माझी आई, तुझी आजी, गेली तेव्हा आजारपणाचं पत्र माझ्या हातात पडेपर्यंत तिकडे सगळं उरकलं होतं. त्या पत्रावर चहा सांडला म्हणून मी तेव्हा भांडले होते, पोस्टमनशी. अजूनही दारातल्या पत्रपेटीच्या झाकणाचा खळकन आवाज झाला की माझी सुई बोटात जाते. तो आवाज मी दुसऱ्या कुणाच्या पोरीला द्यायची नाही.

दुसरं. मी तिला म्हटलं होतं, रोज एवढं चिखलात हात घालतेस, मला एक भांडं तरी आण. परवा आणलं. कापायच्या टेबलावर ठेवलंय, त्यातूनच आता चहा पिते आहे. कड बाहेर कलती. एका जागी अंगठ्यानं दाबलेलं, खालचा ओठ तिथे टेकतो. तू लिहिलं होतंस त्यात धाग्याचाही फरक नाही. महाविद्यालयातल्या कार्यशाळेच्या बाईंनाही असे वाडगे फार आवडलेत म्हणे, करून घेतात तिच्याकडून. खाली तिची खूण आहे, लहानसं गोल वेटोळं.

मला मातीतलं कळत नाही म्हणून विचारते. चोरी केलेलं उचलून नेता येतं. पण चोरलेलं पुन्हा पुन्हा हातातून करता येतं का गं? आणि तुझी कड अजून आली नाही, त्याला कारण गोणच आहे ना?

सूड घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, माझ्या तोंडी ते शोभायचं नाही. पण मला हाकललं ते त्या शिंप्यानंच, हे मला पक्कं ठाऊक होतं. तू आधी माणूस नीट ओळख. नवरा मेला तरी चालेल पण सवत विधवा झाली पाहिजे, असल्या पायरीला येऊन पोचली आहेस.

मावशी


१४ ऑक्टोबर

मावशी,

तूही फितूर झालीस. एका वाडग्यात विकली गेलीस! एवढा स्वस्त भाव होता तुझा?

तुझ्या नकाराची मी वाट पाहत बसले नव्हते. तू कच खाशील हे "टाचण्या गोळा करते" या वाक्यातच मला कळलं होतं. तुझं पत्र यायच्या आधीच मी तिला सरळ पत्र टाकलं. लिहिलं, आईनं अंथरूण धरलंय, कामावर जात नाही, पण तुला कळवू नको म्हणते, तुझं शिक्षण मोडू नये म्हणून. शेवटचं वाक्य नीट वाच. आता आईनं स्वतः लिहिलं की मी बरी आहे, तरी ती म्हणेल, लपवते आहे. शेजारीण मुलीच्या बाळंतपणाला गेलीय, त्यामुळे फोनचीही वाट बंद. हे सगळं मी शांत डोक्यानं केलं. तुझीच भाची आहे.

कडेचं विचारतेस तर ऐक. नाही येत. गोण बदलली, चाक बदललं, तिच्या चाकावर जाऊन बसले, नाही येत. सर मागे उभे राहून बघत होते, मग पुढे गेले. समजा, नुसतं समजा, की ते वाडगे तिचे होते. तरी तिला माती मधोमध आणायला मी शिकवलं. माझ्या शेजारी बसून ती शिकली आणि माझ्या पुढे गेली, आणि पुढे जाताना मला धक्कासुद्धा लागू दिला नाही. मी ओरडले तर ही हसते, मी तिचा डबा संपवला तर ही म्हणते बरं झालं. एकदा तरी भांडायचं होतं गं माझ्याशी! तिनं मला कधी बरोबरीचा शत्रूही केलं नाही. मला त्याचा राग आहे, आणि तो राग खरा आहे, वाडगे कुणाचेही असोत.

तुझी भाची


२५ ऑक्टोबर

भाचीबाई,

ती गेली.

तुझं तिच्या नावचं पत्र आलं तेव्हा ती वरच्या खोलीत होती. खाली आली ती हातात कागद आणि चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, "अगं थांब, हे खरं असेलच असं नाही." माझ्याच भाचीचं पत्र खोटं आहे असं सरळ म्हणायला माझी जीभ वळली नाही, याची मला आता लाज वाटते. ती म्हणाली, "ती कशाला खोटं लिहील?"

मी तिचं बोट धरून कार्यशाळेपर्यंत गेले. जागा सोडल्याच्या कागदावर तिनं सही केली. बाई म्हणत होत्या, रजा घे, जागा सोडू नकोस. पण हिला आई किती दिवस अंथरुणावर असेल ते कुठे माहीत होतं? नियमाप्रमाणे आता जागा तुझी. तुझ्या सरांना पत्र येईल.

जिंकलीस. मला पुढे लिहिलं नाहीस तरी चालेल.

मावशी


२६ नोव्हेंबर

मावशी,

तुला चालेल, मला चालणार नाही. जागा मिळाली! पत्र आलं, शिक्का आहे, जानेवारीपासून. आई दारोदार सांगत सुटली आहे. तू रुसली असशील तर रूस, पण वरची खोली मोकळी ठेव.

आणि आता ऐक, तुला हसू येईल. ती परत आली त्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी माझ्या दारात. मी मनात म्हटलं, आता झिंज्या उपटणार. मी तयारीत होते, खरं सांगते, वाटच बघत होते.

"आई बरी आहे," ती म्हणाली.

"हो का? सुटले बाई. मला कुणीतरी सांगितलं होतं."

"असेल. लोक काहीही सांगतात." मग खोलीत नजर फिरवून म्हणाली, "पेटी भरलीस का?"

मी माझे वाडगे दाखवले. काय दाखवणार होते! तिनं एक उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि पुन्हा ठेवला. "हे नको पाठवू," म्हणाली. "चल."

आम्ही विभागात गेलो. सर जेवायला गेले होते. ती माझ्या चाकावर बसली, बाह्या वर केल्या आणि बघता बघता फळीवर सहा वाडगे. कड बाहेर कलती, अंगठ्याचा दाब जिथल्या तिथे. मी नुसती उभी. दोन दिवसांनी वाडगे सुकून खूण खरवडण्याजोगे झाले तेव्हा मी विचारलं, "खाली खूण?" ती म्हणाली, "तुझीच. जाणार तूच आहेस ना?" आणि माझी खूण तिनंच काढली, उभी रेघ, तिरकी रेघ, माझ्याहून सफाईदार. माझ्याकडे बघून हसली. तिच्या जागी मी असते तर ओल्या मातीचं घमेलं माझ्या डोक्यावर पालथं घातलं असतं.

इतकं कुणी भाबडं असतं का गं? मला तिची कीव आली, पहिल्यांदाच. थोडी चीडही आली, कारण याही वेळी भांडली नाही. पण सूड पुरा झाला. भट्टी उघडली, सहाही सुंदर निघाले, सरांनी पेटीवर सही केली. सोमवारी पेटी रवाना झाली, हे पत्र तुला मिळेपर्यंत तिकडे पोचलीही असेल. आता पुन्हा विचारू नकोस वाडगे कुणाचे. कडेवर कुणाचं नाव नसतं. नाव खाली असतं, आणि खाली माझं आहे.

कोटाचं माप पाठवते. लांब बाह्यांचा शीव.

ठिणगी


११ डिसेंबर

ठिणगे,

कोट शिवायला घेऊ नये असं दिसतं.

पेटी पोचली. तुझा इथला पत्ता माझा असल्यामुळे कार्यशाळेच्या बाई ती घेऊन माझ्याच दुकानात आल्या. पेटी टेबलावर ठेवली, एक वाडगा काढला आणि माझ्या चहाच्या वाडग्याशेजारी ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, एकाच ताग्यातून कापलेत. मग त्यांनी दोन्ही उपडे केले. एकाखाली वेटोळं, दुसऱ्याखाली तुझ्या दोन रेघा.

मी तुला लिहिलं होतं की त्या तिच्याकडून असे वाडगे करून घेतात. तू माझ्या पत्रातलं ते वाक्य वाचलं नसशील, तुला फितुरी तेवढी दिसली. त्या दीड महिन्यात तिनं कार्यशाळेत प्रत्येकाला एकेक करून दिला होता. सगळ्यांच्या देखत, सगळ्यांच्या चाकांच्या मध्ये बसून. झाडणाऱ्या माणसापासून बाईंपर्यंत सगळे रोज त्याच कडेला ओठ लावतात. तिथे तू तसले सहा वाडगे स्वतःच्या खुणेचे म्हणून पाठवलेस. हात दाखवून अवलक्षण.

आणि तू तिला भाबडी म्हणतेस! ती घरी पोचल्यावर मला तिचं एक कार्ड आलं होतं. तीनच वाक्यं. "आई ठणठणीत आहे. मला तुमच्या भाचीशी थोडं काम आहे. तुम्ही मध्ये पडू नका."  काय काम ते मला कळलं नाही, पण काम आहे हे कळलं. मी तुला सावध करू शकले असते. शाई भरली, कागद घेतला, आणि पुन्हा ठेवून दिला. मी मध्ये पडले नाही. तुला हवी होती तशी भांडली ती, ठिणगे. तुझ्याच चाकावर बसून, तुझ्या डोळ्यांदेखत भांडली. तुला कळलं नाही एवढंच.

बाईंनी मला विचारलं, "हे कुणी केलेत?" मी तुझी सख्खी मावशी. तुला पाळण्यात घातलं तेव्हा टकुचं मी शिवलेलं. गप्प बसले असते तर त्यांनी कदाचित तुला बोलावून चाकावर बसवून बघितलं असतं आणि तुझं तुला झाकायला एक दिवस मिळाला असता. मी गप्प बसले नाही. वाडगे कुणाचे ते सांगितलं. तिला पत्र कुणी टाकलं तेही सांगितलं. आईच्या अंथरुणाचं तू लिहिलंस, तो राग तिचा एकटीचा नव्हता, माझाही होता.

जागा तुझ्या नावची राहिली नाही. तुमच्या सरांना रीतसर पत्र येईलच. बाईंनी तिलाही एक धाडलं आहे. येते की नाही ते तिचं ती जाणे. वरची खोली मी झाडून ठेवली आहे.

आता तू मला लिहिशील. शिव्या घाल, हव्या तेवढ्या घाल, मी त्या वाचीन. पण कालपासून मला एकाच गोष्टीची भीती वाटते आहे. उद्या तुझं पत्र येईल, त्यात लिहिलेलं असेल की तुझी आई, माझी बहीण, आजारी आहे, आणि माझा त्यावर विश्वास बसणार नाही.

मावशी